अळ्यांमध्ये सापडलेला माणूस

करोनाच्या काळात मला फार मान मिळाला आणि तो काही मला झेपला नाही. परळच्या एका लॅबमध्ये मी आरटी-पीसीआर करायचो. म्हणजे लोकांच्या नाकातून आलेल्या काड्या घ्यायच्या, त्यातला विषाणूचा अंश वेगळा काढायचा, मशीनच्या पोटात घालायचा आणि पडद्यावर रेघ वर चढते का ते बघत बसायचं. चढली तर पॉझिटिव्ह, आडवी लोळत राहिली तर निगेटिव्ह. काम एवढंच. पण त्या दिवसांत लोक माझ्यासाठी लिफ्ट धरून ठेवायचे. पुढे साथ ओसरली, सगळे पूर्वीसारखे झाले, मी नाही झालो. कुणी शिंकलं की मी अजून मान किंचित तिरकी करून "हं" म्हणतो. त्या एका "हं"मध्ये पुष्कळ काही सांगून होतं अशी माझी समजूत आहे.

त्या "हं"पायी माझ्या सासूबाईंच्या मधमाश्या जिवानिशी गेल्या असत्या.

सासूबाई लालबागला राहतात. चाळीचा टॉवर झाला तशा त्या दुसऱ्या मजल्यावरून एकदम बाविसाव्यावर गेल्या. आयुष्यभर शाळेत शिवण शिकवलं, निवृत्त झाल्यावर गावी कुडाळकडे जाऊन मधमाशीपालनाचं शिक्षण घेतलं आणि येताना टेम्पोतून सातेरी माश्यांच्या पेट्या घेऊन आल्या. सातेरी म्हणजे आपली देशी, अंधारात घर करणारी मधमाशी. गच्चीवर चार पेट्या. त्यातल्या तीन गावच्या. चौथी मात्र अस्सल लालबागची. चाळ पाडायच्या आधी जिन्याखालच्या बंद पडलेल्या मीटरच्या खोक्यात एक वसाहत होती. बिल्डरची माणसं घण घेऊन उभी असताना सासूबाईंनी ती पोळ्यांसकट काढून पेटीत बसवली. घरात तिला "मीटरवाली" म्हणतात. चाळ सोडून जाणारी ती सगळ्यात शेवटची भाडेकरू, आणि सासूबाईंचा जीव तिच्यात.

या माश्यांनी जावई म्हणून माझा मान कधीच ठेवला नाही. पहिल्याच भेटीत एकीने पापणीवर डंख मारला आणि मी त्या दिवाळीच्या सगळ्या फोटोंत एका डोळ्याने हसतोय. मी सूड म्हणून अफवा पसरवली की लालबागच्या मसाला गल्लीत फिरणाऱ्या या माश्यांचा मध खाल्ला की मागाहून घशाला तिखट लागतं.

तर मागच्या उन्हाळ्यात, वर्षाचा मसाला करायच्या दिवसांत, सासूबाईंनी मला वर बोलावलं. त्याच वर्षी गावाहून आणलेल्या नव्या पेटीची एक चौकट त्यांनी उचलून माझ्यासमोर धरली.

"जावयबापू, ह्या बघा. माजी पोरां मरतत."

पोळ्याच्या घरांत अळ्या मरून पडल्या होत्या. कुशीवर नाही, उताण्या, डोकं वर उचलून, छोट्या होडीसारख्या. सासूबाईंनी चिमट्याने एक बाहेर काढली. ती पाण्याने भरलेल्या इवल्याशा पिशवीसारखी लोंबकळली. मी मान तिरकी केली आणि "हं" म्हटलं. तिथवर ठीक होतं. पण उतरताना लिफ्टमध्ये आठ-दहा माणसं होती आणि एवढे श्रोते असताना गप्प बसणं मला जमत नाही.

"व्हायरस आहे, आई," मी करोनातल्या आवाजात म्हणालो. "चारही पेट्या तपासायला लागतील."

अकराव्या मजल्यावर दोघं, आठव्यावर तिघं आणि पाचव्यावर उरलेले सगळे उतरले. आम्ही तळाला पोचेस्तोवर बिल्डिंगच्या ग्रुपवर मास्कचं चित्र आलं होतं.

संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी काका सासूबाईंच्या घरी आले. बसगाड्यांच्या डेपोत आयुष्य काढलेला माणूस. बोलतानासुद्धा हात असे करतात की समोरची गाडी मागे घेतोय. "साहेब, तुम्हीच म्हणालात ना व्हायरस? मग संपला विषय. रविवारी गच्चीवर मीटिंग. सोमवारी पेस्ट कंट्रोलवाला येतोय. चारही पेट्या खलास."

"अहो काका, हा माणसांना होत नाही..."

"करोनाही आधी वटवाघळांनाच होत होता."

याला उत्तर होतं, पण ते लांब होतं, आणि काकांचा हात "मागे घ्या, मागे घ्या" असा हलत होता.

ते गेल्यावर सासूबाईंनी दाराला कडी घातली. मग म्हणाल्या, "आजारी आसात ती पेटी मी माज्या हातान जाळतलंय. कोणाक सांगूक लागाचा नाय. पण जी बरी हा तिका कोण हात लावता ता मी बघतंय. रविवारच्या आत माका सांगा, खयची बरी आणि खयची नाय."

हेच काय ते ठरवायचं होतं. डोळ्यांना दिसणारा आजार एकाच पेटीत होता. बाकी तिघींत तो गुपचूप शिरलाय की नाही हे डोळ्यांना कळत नाही. आणि माझ्या मते जगात त्यासाठीच मला जन्माला घातलं होतं.

आमच्या लॅबमध्ये माणसांव्यतिरिक्त कुणाला प्रवेश नाही. पण दादरला एका कॉलेजात कीटकांवर काम करणारी माझी वर्गमैत्रीण आहे. मधमाश्यांचे विषाणू ओळखणारे प्रायमर, म्हणजे त्या विषाणूचाच ठरावीक तुकडा हुडकून काढणारे बारीक रेणू, तिच्या फ्रीजमध्ये पडून होते. जुनं मशीनही होतं.

"तीन वर्षं माणसांच्या नाकात काड्या घातल्यास," ती म्हणाली, "आता अळ्यांचं नाक शोधणार? बरं ये. पण मी सांगते तसं कर हां."

"अगं, मला पीसीआर शिकवतेस? लाखभर टेस्ट केल्यात मी."

"हो रे, माणसांच्या."

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकायला हवं होतं.

नमुने घ्यायला मी गच्चीवर गेलो तो पांढरा पीपीई सूट घालून. एक तर डंखाची भीती, दुसरं म्हणजे तो मला शोभतो असं मला कुणीतरी सांगितलं होतं. भर उन्हात, नखशिखांत पांढरा, असा मी लिफ्टमधून वर गेलो. परिणाम असा झाला की ज्यांना अजून भीती वाटली नव्हती त्यांनाही वाटायला लागली. एका बाईंनी दार उघडलं, मला पाहिलं आणि देवाचं नाव घेत परत लावून घेतलं.

गच्चीवर दुसरंच प्रकरण. मसाल्याचे दिवस म्हटल्यावर अर्धी गच्ची मिरच्यांनी लाल झालेली. वारा आला की तिखटाचा खाट उडायचा. मी पोळ्याचे तुकडे कापत होतो, अळ्या, मध, मेण, परागकण सगळं एकत्र नळ्यांत भरत होतो, आणि शिंकत होतो. मास्कमध्ये दोनदा शिंकल्यावर आतली परिस्थिती सांगण्यासारखी राहिली नाही म्हणून मास्क हनुवटीवर घेतला. मग मोकळेपणाने शिंकलो. उघड्या नळ्या समोर. नळ्या खिशात टाकल्या आणि निघालो.

कॉलेजात मैत्रीण तासावर होती. मी तिची वाट पाहिली नाही. हात आपोआप चालत होते, लाखभर टेस्टची सवय. त्या सवयीतच मी आमच्या लॅबमधून आणलेल्या एका बाटलीतले थेंबही प्रत्येक नमुन्यात घातले. माणसांच्या चाचणीत विषाणूबरोबर एक माणसाचा जीनही शोधतात, ती बाटली त्याची. तो सापडला नाही तर समजायचं, काडी नाकात गेलीच नाही, नुसती हवेत फिरवून आणली. आमच्याकडे ही तपासणी झाल्याशिवाय रिपोर्ट जातच नाही. मधमाश्यांच्या अळ्यांत माणसाचा जीन कशाला शोधायचा, हा प्रश्न मला पडलाच नाही.

पडद्यावर रेघा चढल्या. चारही नमुन्यांच्या. सुंदर, एकसारख्या. मी सासूबाईंना फोन लावला.

"आई, वाईट बातमी आहे. चारही पॉझिटिव्ह."

"मीटरवाली पण?" एवढंच त्यांनी विचारलं.

"मीटरवाली पण."

फोन बंद झाला. मी गंभीर चेहरा करून बसलो. तेवढ्यात मैत्रीण आली, खांद्यावरून वाकून बघितलं आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"ही कुठल्या रंगाची रेघ बघतोयस?"

"ही काय, चढलेली."

"ती निळी. विषाणूची हिरवी. हिरव्या खाली झोपल्यात. निळीत काय घातलंयस?"

मी सांगितलं. ती स्टुलावर बसली. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून हसली. "अरे, म्हणजे हा माणूस आहे! तुझ्या अळ्यांमध्ये माणूस सापडलाय! शिंकलास का तू यांच्यावर?"

"मिरच्या होत्या."

"हा तू आहेस. चारही पेट्यांमध्ये तुझाच प्रादुर्भाव आहे."

"मग विषाणू नाही ना? निगेटिव्ह?"

"तेही सांगता येत नाही. मध आणि मेण टाकून ठेवलंस, त्याने रिअ‍ॅक्शन मंदावते, थोडंथोडकं असलेलं दिसतच नाही. विषाणूचा आरएनए खिशात घालून मे महिन्यात फिरवलास. उन्हात ठेवलेल्या बासुंदीसारखा नासतो तो. नळीत मधमाशी होती की नाही हेच आपल्याला माहीत नाही. मधमाशीचा स्वतःचा जीन लावायचा. तो चढला तर नळीत मधमाशी आहे असं धरायचं, आणि मगच विषाणूचं बोलायचं. तू नळीत माणूस आहे हे सिद्ध केलंस, झालं."

मला एकदम फोन आठवला. लावला. उचलेना. पुन्हा लावला. त्या हातात घासलेटचा डबा घेऊन गच्चीवर उभ्या आहेत असं मला स्वच्छ दिसायला लागलं. खाली धावत गेलो, टॅक्सी पकडली. ती परळच्या पुलाआधीच अडकली, म्हणून उतरलो आणि पळत सुटलो. मी पळतो तेव्हा लोक मला पाणी देऊ करतात. तसं एका उसाच्या रसवाल्याने केलंही.

गच्चीवर सासूबाई पाण्याच्या टाकीच्या सावलीत चहा पीत बसल्या होत्या. चारही पेट्या जागच्या जागी, माश्या ये-जा करतायत.

"आई... जाळलं नाहीत?"

"बसा आधी. दम खावा." त्यांनी उरलेला चहा बशीत ओतून माझ्यापुढे सरकवला. "तुमचा पयला कायव बरोबर नसता. लग्नाच्या दिवशी दादराक दुसऱ्याच हॉलात जेवान इल्यात. नवरो जेवान मगे आमच्याकडे इलो. म्हणान मी म्हटलंय, दुसरो फोन येयत. फोन खाली रवलो, पण तुमी इल्यात."

हे खरं आहे. दोन हॉल शेजारी होते आणि त्या दुसऱ्या लग्नातली मठ्ठा-जिलबी चांगली होती.

मी सगळं सांगितलं, शिंकांसकट. त्या हसल्या नाहीत. रिकामा कप खाली ठेवून म्हणाल्या, "मगे आता नीट करा." त्यांच्या आवाजात इतका विश्वास होता की माझी बशी तशीच राहिली. त्याआधी मी लाखभर लोकांचे निकाल काढले होते, पण त्यातल्या एकालाही ओळखत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मी साध्या शर्टात, सासूबाईंची जाळी डोक्यावर घेऊन वर गेलो. मास्क नाकावर. मिरच्या बायकोने समोर उभं राहून दुसऱ्या टोकाला हलवून घेतल्या. प्रत्येक पेटीला वेगळा चिमटा, वेगळे हातमोजे. फक्त अळ्या, पाण्याने धुऊन, मध-मेण काही नको. नळ्यांत आरएनए टिकवणारं द्रावण, आणि नळ्या बर्फात. बर्फ मासळीवालीकडून आणलेला, थर्माकोलच्या खोक्यासकट. काम चालू होतं तोवर मी एक शब्द बोललो नाही. बायको म्हणाली, लग्नानंतर पहिल्यांदाच असं झालं.

दादरपर्यंत ते खोकं मांडीवर घेऊन गेलो. टॅक्सीवाल्याने विचारलं, "बोंबील क्या?" मी हो म्हणालो. निकाल लागण्याआधी तोंड उघडायचं नाही असं ठरवलं होतं.

या वेळी मैत्रीण बाजूला उभी राहिली आणि मी तिने सांगितलं तेवढंच केलं. मशीन घुमायला लागलं. आधी मधमाशीच्या जीनच्या रेघा उठल्या. एक, दोन, तीन, चार. नळ्यांत मधमाश्या होत्या! तुलनेसाठी ठेवलेल्या साध्या पाण्याच्या नळीची रेघ आडवी पडून राहिली, तशीच पडायला हवी होती. मग हिरव्या. नव्या पेटीची रेघ लवकर उठली आणि सरळ वर गेली. म्हणजे विषाणू भरपूर. तिच्या शेजारच्या पेटीची बऱ्याच उशिरा, रेंगाळत उठली. थोडा, पण आहे. तिसरी आडवी.

मीटरवालीच्या रेघेवर मी बोट ठेवून बसलो होतो. मैत्रिणीने बोट बाजूला केलं. "तू पडद्याला चिकटलास म्हणून ती खाली राहणार नाहीये." ती खालीच राहिली. शेवटच्या फेरीपर्यंत, सपाट, नारळीपौर्णिमेनंतरच्या शांत समुद्रासारखी.

मी खुर्चीवरून उठून नाचलो. कॉलेजातल्या प्रयोगशाळेत वयाला न शोभणारा तो नाच दारातून शिपाई बघत होता. मैत्रीण म्हणाली, "आता रंग तपासून फोन कर."

तपासला. दोनदा. मग केला.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. नवी पेटी वाचण्यापलीकडे गेली होती. तिच्यातल्या बऱ्याच माश्याही उडून गेल्या होत्या. त्याच संध्याकाळी त्यांनी ती स्वतः बंद केली आणि लोखंडी घमेल्यात पोळी जाळली. मला जवळ येऊ दिलं नाही. शेजारच्या पेटीसाठी मात्र उपाय होता. या विषाणूवर औषध नाही, पण त्याला वाढायला कोवळी अळी लागते. राणीने काही आठवडे अंडीच घातली नाहीत तर त्याची उपासमार होते. म्हणून राणीला पिंजऱ्यात ठेवायचं. पिंजरा म्हणून सासूबाईंनी माझ्या बायकोच्या लग्नातला केस कुरळे करायचा जाळीदार कर्लर काढला. राणी त्यात मावली आणि नवरीपेक्षा तिला तो बरा दिसला, हे मी बायकोला अजून सांगितलेलं नाही.

रविवारी गच्ची भरली. काका मधोमध. "साहेब म्हणाले व्हायरस, साहेब म्हणाले चार पेट्या. आता म्हणतात दोनच. ह्यांचं काय खरं धरायचं?"

प्रश्न रास्त होता. मी बरीच शास्त्रीय तयारी करून गेलो होतो, ती सगळी विसरलो आणि जे झालं ते सांगत सुटलो. पीपीई, मिरच्या, शिंका. "पहिल्या तपासणीत," मी म्हणालो, "या चारही पेट्यांमध्ये एक माणूस सापडला. तो मी. आणि ज्यांच्या मिरच्यांनी मला शिंका आल्या ते घर काकांचं आहे, तेव्हा या केसमध्ये थोडा हात तिथलाही आहे."

काकी मागे उभ्या होत्या. आधी त्या हसल्या, पदराने तोंड झाकून, मग न झाकता. मग गच्चीच हसली. हसणारा माणूस ऐकतोही, हे मला त्या दिवशी कळलं. मी सांगितलं की हा विषाणू अळीत वाढतो, माणसात वाढत नाही. आजारी पेटी गेली, दुसरीवर इलाज चालू आहे, आणि या दोन स्वच्छ आहेत, त्यातली ही आपल्या चाळीच्या मीटरमधली.

"आपल्या जिन्याखालची?" मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले. "अजून आहे ती?"

"आहे ना."

"मग ती रे कशाला काढायची? ती आपल्याआधीची."

काकांनी मतदान घ्यायला हात वर केला, लोकांना वाटलं ते पेट्यांच्या बाजूने आहेत, आणि सगळ्यांनी हात वर केले. काकांनी इकडेतिकडे पाहिलं. काकींचाही हात वर होता. काकांनी आपला खाली घेतला नाही. मला तर त्या क्षणी गिरगाव चौपाटीपर्यंत मिरवणूक काढावीशी वाटली. सोमवारी पेस्ट कंट्रोलवाला आला, त्याने काकांच्या घरची झुरळं मारली आणि गेला.

पुढे राणीला कर्लरमधून सोडलं. तिने नव्या पोळ्यावर अंडी घातली, अळ्या वाढल्या, त्यांच्या घरांवर झाकणं आली. तरी सासूबाईंचा जीव राहीना. "मशिनीत घालून बघा," म्हणाल्या. तिन्ही पेट्यांचे नमुने घेऊन पुन्हा दादरला गेलो. तोवर घोडपदेवच्या आणि नायगावच्या मधमाशीवाल्यांपर्यंत बातमी पोचली होती. मैत्रिणीच्या फ्रीजमध्ये बोंबलाच्या वासाची तीन-चार खोकी आमच्या आधीच रांगेत होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी निमूट हातमोजे चढवले.

तिन्ही पेट्यांत मधमाशी सापडली. विषाणू एकीतही नाही. माणूसही नाही.

फोन पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"आई, तिन्ही निगेटिव्ह. सगळ्या बऱ्या आहेत."

पलीकडे माश्यांची गुणगुण ऐकू येत होती; त्या पेट्यांपाशीच उभ्या असणार. मग नाक ओढल्याचा आवाज आला, आणि त्या मिरच्या नव्हत्या, मिरच्यांचे दिवस केव्हाच संपले होते.

"तुमच्या त्या मैत्रिणीक रविवारी घेवन येवा," त्या म्हणाल्या. "तिका वडे-सागोती करून घालतंय. पोर गुणाची हा."

"आणि मी?"

"तुमी इल्यात तरी चलात."